हात आणि कान

फाटा ह्या शब्दांतच ताटातूट आहे. गांवाला वेस असते, घाटाला माथा असतो, नद्यांना संगम असतो. फाट्याला मात्र स्वतःचें असें कांहींच नसतें. येथवर एकत्र आलेले रस्ते येथून वेगळे होतात, एवढेंच त्याचें चरित्र. आमच्या शिळफाट्यावरून एक वाट कल्याणकडे जाते, एक मुंब्र्यावरून ठाण्याकडे, एक पनवेलकडे आणि एक डोंगर ओलांडून महाप्याकडे. येथें उभा असलेला प्रत्येक माणूस दुसरीकडे कोठें तरी जावयाचा असतो, आणि त्याची वाट अडवून मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा व दुचाक्या एकाच वेळीं भोंगे वाजवीत असतात. प्रत्येकाला कांहीं तरी सांगावयाचें आहे आणि ऐकावयास कोणीही मोकळा नाहीं, अशी जगाची स्थिति झाली आहे असें विचारवंत म्हणतात. ती डोळ्यांनीं पाहावयाची असल्यास त्यांनीं सायंकाळीं सातच्या सुमारास शिळफाट्यावर यावें.

अशा ठिकाणीं बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाला ऐकण्याचाच छंद लागावा, ही गोष्ट विसंगत वाटेल. परंतु छंद कांहीं सोय पाहून लागत नाहींत. मी हौशी रेडिओवाला आहें. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, 'व्हीयू' ह्या अक्षरांनीं सुरू होणारें एक संकेतनाम मिळवून जे लोक आपल्या घरून बिनतारी संदेश पाठवितात आणि घेतात, आणि त्याबद्दल कोणाकडून एक पैही घेत नाहींत, त्यांपैकीं मी एक. जगभर अशा माणसांना 'हॅम' म्हणतात. आमच्या इमारतीच्या गच्चीवर कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दहा मीटर लांबीची एक तांब्याची तार मीं ताणली आहे. पाहुण्यांना ती कपडे वाळत घालण्याची दोरी वाटते. मला मात्र ती खिडकीसारखी वाटते. तिच्यांतून जपान दिसतो, इटली दिसते, कधीं एखाद्या भाग्याच्या पहांटे दक्षिण अमेरिकाही दिसते.

पण ह्या खिडकीवर अलीकडे धूळ फार बसूं लागली. डोक्यावरून गेलेल्या उच्च दाबाच्या तारा, शेजारच्या बिऱ्हाडांतले नवे दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट ह्या प्रत्येकाचा एक आवाज असतो. तो माणसाच्या कानाला ऐकूं येत नाहीं; रेडिओला येतो. संच सुरू केला कीं तव्यावर पाणी शिंपडावें तशी खरखर सुरू होते आणि तिच्याखालीं दूरदेशीच्या माणसाचा बोल बुडून जातो. दहा वर्षांपूर्वीं जो आवाज मला सहज ऐकूं येई, तोच आज केवळ तर्कानें ओळखावा लागतो. रस्त्यावरचा गोंगाट खिडकी लावून बंद करतां येतो; हा गोंगाट भिंतींतूनच येतो. तेव्हां ज्याला हा छंद सोडावयाचा नाहीं त्यानें काय करावें? माझ्यापुढें एकच मार्ग उरला: आपला कान संगणकाच्या स्वाधीन करावा.

संच आणि संगणक ह्यांची सोयरीक जमविणें वरवर पाहतां सोपें आहे. संचाला एक तोंड आहे आणि एक कान आहे, संगणकालाही तसेंच. ह्याचें तोंड त्याच्या कानाशीं आणि त्याचें तोंड ह्याच्या कानाशीं दोन तारांनीं जोडलें, कीं काम झालें असें वाटतें. नव्या संचांत तर हें सारें पोटांतच केलेलें असतें. एक यूएसबी केबल खुपसली कीं दोघे बोलूं लागतात. माझा संच जुना. त्याच्या बाबतींत दोन तारा सरळ जोडल्या कीं प्रथम ऐकूं येते ती एक गुणगुण. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें घेते. ही गुणगुण त्या विजेची. संच एका वाटेनें जमिनीशीं जोडलेला असतो, संगणक दुसऱ्या वाटेनें. मध्यें तार घातली कीं एक वेढा पुरा होतो आणि त्या वेढ्यांत नको असलेला प्रवाह फिरूं लागतो.

ह्यावरचा उपाय मला फार अर्थपूर्ण वाटतो. सुपारीएवढा एक ट्रान्सफॉर्मर दोघांच्या मध्यें बसवितात. त्यांत लोखंडाच्या एकाच गाभ्यावर दोन वेटोळीं असतात. एका वेटोळ्याची तार दुसऱ्याच्या तारेला कोठेंही शिवत नाहीं. एकांत आवाज शिरला कीं गाभ्यांतील चुंबकत्व हलतें आणि त्या हालचालीनें दुसऱ्यांत तोच आवाज उमटतो. आवाज पलीकडे जातो. जमिनीचा तंटा अलीकडेच राहतो. बोलण्याची कळ दाबण्यासाठींही अशीच युक्ति करतात: संगणक एक सूक्ष्म दिवा लावतो, समोरचें प्रकाशाला जाणणारें यंत्र तो पाहतें आणि कळ दाबली जाते. धातूचा स्पर्श मुळींच नाहीं. आपल्याकडे वडील माणसें सांगत आलीं आहेत कीं भावाभावांच्या चुली वेगळ्या असाव्या आणि जिव्हाळा एक असावा. त्यांनीं ट्रान्सफॉर्मर पाहिला नव्हता, पण त्याचें तत्त्व त्यांना ठाऊक होतें.

दुसरी एक गोष्ट संयमाची. संगणकाचा आवाज संचांत सोडतांना तो जितका मोठा तितकें चांगलें, असें मनाला वाटतें. वस्तुतः उलट आहे. संचाच्या तोंडावर एक कांटा असतो. आवाज मर्यादेपलीकडे गेला म्हणजे संच त्याला आवरूं लागतो, आणि तें तो कांटा दाखवितो. कांटा हलूं लागला कीं आवाज उतरवावा. न उतरविला तर आपला संदेश आपल्या जागेंत मावत नाहीं. तो शेजाऱ्याच्या हद्दींत सांडतो आणि दोघांचेंही बोलणें नासतें. कमी आवाजांत बोललेलें अधिक दूर ऐकूं जातें, ही गोष्ट फाट्यावरच्या एखाद्या मालमोटारवाल्याला पटवून द्यावी असें मला पुष्कळदां वाटतें. अद्याप धीर झालेला नाहीं.

आतां हे दोघे मिळून काय बोलतात तें सांगतों. ज्या रीतीनें मी बहुतेक वेळां बोलतों तिला 'एफटी८' म्हणतात. स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर ह्या दोघां अमेरिकन हॅमांनीं ती रचली आणि २०१७ सालीं सर्वांना मोफत दिली. तिच्यांत शब्द नाहींत. आठ सूर आहेत. एकमेकांच्या अगदीं जवळ, सव्वासहा सव्वासहा कंपनांच्या अंतरानें मांडलेले हे आठ सूर ठराविक क्रमानें वाजतात आणि त्या क्रमांत निरोप दडलेला असतो. सारे मिळून अवघ्या ५० कंपनांची जागा व्यापतात. माणसाच्या एका बोलण्याला जेवढी जागा लागते तेवढींत पन्नास माणसें शेजारीं शेजारीं बसून एकमेकांना धक्का न लावतां बोलूं शकतात. पडद्यावर त्यांच्या सुरांच्या रेघा वरून खालीं सरकत असतात; त्या चित्राला 'धबधबा' असेंच नांव आहे.

ह्या सभेचा एक कडक नियम आहे. मिनिटाचे चार भाग पाडलेले असतात. एका भागांत मी बोललों, कीं दुसऱ्या भागांत मला गप्प बसलेंच पाहिजे. तो भाग समोरच्याचा. आपल्या जुन्या कालगणनेंतील एक पळ २४ सेकंदांचें. ह्या सभेचा मुहूर्त त्याहूनही लहान, १५ सेकंदांचा. त्यांतील साडेबारा सेकंदांहून थोडा अधिक वेळ सूर वाजतात आणि उरलेल्या दोनएक सेकंदांत संगणक ऐकलेल्याचा अर्थ लावतो. घड्याळ एखाद्या सेकंदाहून अधिक मागेंपुढें झालें तर सारा खेळ फसतो. लग्नघरीं घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेल्या जोशीबुवांना जी धास्ती दिवसांतून एकदां, तीच येथें मिनिटांतून चार वेळां.

आणि खरा चमत्कार पुढेंच आहे. हा संदेश त्याच्या भोंवतालच्या खरखरीच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण असला तरी संगणक तो उचलतो. कानाला तेथें सूर आहे हेंही कळत नसतें. हें कसें होतें? आपल्याकडील वेदपाठी ब्राह्मणांना ह्याचें नवल वाटणार नाहीं. मंत्राचा एक अक्षरही ढळूं नये म्हणून त्यांनीं संहितेवर न थांबतां पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीति बसविल्या. तेच शब्द पुढून, मागून, गुंफून म्हणावयाचे, म्हणजे एके ठिकाणीं चूक झाली तर दुसरें ठिकाण ती दाखवून देतें. एफटी८ मध्येंही तसेंच आहे. निरोप असतो अवघा ७७ अंकांचा, शून्य आणि एक ह्यांचा; पण पाठविले जातात १७४. बाकीचे सारे साक्षीदार. गोंगाटानें कांहीं अंक खाल्ले तरी उरलेल्यांच्या साक्षीवरून संगणक मूळ पाठ पुन्हा उभा करतो.

जो टेलर हा मूळचा रेडिओ-ज्योतिषी. १९७४ सालीं त्यानें आणि रसेल हल्स ह्यानें एका साथीदार ताऱ्याभोंवतीं फिरणारा स्पंदक तारा शोधून काढला आणि त्याबद्दल दोघांना १९९३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हजारों प्रकाशवर्षांवरून येणारी ठोक्यांची क्षीण माळ खरखरींतून वेगळी काढावयाची, हा ज्याचा आयुष्याचा धंदा, त्यानेंच आम्हां हौशी लोकांना आमच्या शेजाऱ्यांचे आवाज ऐकण्याची विद्या द्यावी हें योग्यच झालें.

ही विद्या आमच्या भागालाही परकी नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप ह्यांनीं आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनीं येथून जवळच, कल्याणला, ३२ लहान तबकड्या ओळींत मांडून एक रेडिओ-दुर्बीण उभी केली होती. प्रत्येक तबकडीचा व्यास पावणेदोन मीटरांच्या आसपास; त्या ऑस्ट्रेलियांतून भेट म्हणून आलेल्या. त्या तबकड्यांनीं कल्याणच्या माळावर बसून सूर्याचा आवाज ऐकला. पुढें तेंच मंडळ उटीला गेलें, आणि नंतर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. आज कल्याणला कोणी सूर्य ऐकूं म्हणेल तर त्याला प्रथम शहर बंद करावें लागेल.

एवढें सारें मीं मोठ्या उत्साहानें आमच्या तारमास्तरांना सांगितलें. हे माझे वृद्ध स्नेही कल्याणला राहतात. उभी हयात त्यांनीं तारघरांत काढली. देशांतील तारसेवा २०१३ च्या जुलैमध्यें बंद झाली, तत्पूर्वींच ते निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनीं हौशी रेडिओचा परवाना काढला आणि जी कडकट्ट पोटासाठीं केली तीच हौसेनें करूं लागले. मोर्सच्या संकेतांनीं ते असे बोलत कीं ऐकणाऱ्याला आपण लिपि ऐकतों आहों ह्याचा विसर पडे.

त्यांनीं माझें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अहो, हें सगळें ठीक. पण ह्यांत हात कोठें आहे?"

मला प्रश्न कळला होता, तरी मीं त्यांना बोलूं दिलें.

"आमच्या वेळीं नागपूरला कामावर कोण बसला आहे हें पहिल्या दोन अक्षरांत कळे. कोणाचा हात घाईचा, कोणाचा जड, कोणी शेवटची रेघ उगाच लांबवी. इगतपुरीच्या माणसाचें घरीं भांडण झालें असलें तर तें मला तारेवर ऐकूं येई. तुमच्या ह्या सुरांत जपानचा माणूस आणि इटलीचा माणूस ह्यांत फरक काय? दोघांचाही हात तो संगणकच."

मीं त्यांना उत्तर दिलें नाहीं, कारण उत्तर नव्हतें. ते म्हणाले तें अक्षरशः खरें आहे. एफटी८ च्या एका भेटींत काय असतें? तुमचें संकेतनाम, माझें संकेतनाम. तुमचा चौकोन, माझा चौकोन. तुम्ही मला किती क्षीण ऐकूं येतां तो आंकडा. आणि शेवटीं तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला '७३' हा संकेत, म्हणजे आपल्या पत्रांतील 'लोभ असावा'. चौकोन म्हणजे पृथ्वीच्या नकाशाचे हॅम लोकांनीं पाडलेले तुकडे. आमचा तुकडा 'एमके६९'. त्यांत शिळफाटा आहे, कल्याण आहे, इगतपुरी, जुन्नर आणि त्र्यंबकेश्वरही आहे. ह्यापलीकडे प्रकृति कशी आहे, पाऊस पडला का, मुलगा पास झाला का, ह्यांतलें कांहीं नाहीं. ह्याला संवाद म्हणणें धाडसाचें होईल. ही हजेरी आहे. मास्तर नांव पुकारतात आणि पोर 'हजर' म्हणतें, तेवढेंच.

शिवाय हजेरीला शाळा लागते. १९२७ सालीं विलायतेशीं पहिला बिनतारी दुवा जुळला तेव्हां बोलण्याचें यंत्र खडकीला आणि ऐकण्याचें दौंडला होतें; कारण शेजारीं ओरडणारें तोंड असलें म्हणजे कानाला दूरचें ऐकूं येत नाहीं. तेव्हां माणसांनीं एवढ्या अंतराचा व्याप मांडला. आज माझ्या टेबलावर तोंड आणि कान हातभर अंतरावर आहेत आणि पाळीपाळीनें गप्प राहण्याच्या नियमानें त्यांचें जमतें. पण त्यासाठीं वीज हवी, संगणक हवा, घड्याळ बिनचूक हवें. २००१ च्या जानेवारींत भूजला भूकंप झाला आणि दूरध्वनि मुके झाले, तेव्हां हौशी रेडिओवाल्यांनीं निरोप पोंचविले. अशा वेळीं एक बॅटरी, एक तार आणि एक शिकलेला हात एवढ्यावर काम चालतें. म्हणून हात विसरावा असें मी कोणाला सांगणार नाहीं.

पण तारमास्तरांचा प्रश्न हाताचा होता आणि त्यांची अडचण कानाची होती. गेल्या चारपांच वर्षांत त्यांचा कान उतरत गेला. कानांत घालावयाचें यंत्र त्यांनीं आणलें. तें माणसाचें बोलणें मोठें करतें, पण त्याबरोबर खरखरही वाढवितें, आणि खरखरींतून मोर्सचा बारीक सूर निवडणें त्यांना अशक्य झालें. बोट शाबूत होतें. ते पाठवूं शकत होते. परंतु उत्तर ऐकूं येत नसेल तर पाठवावें कशाला? एके दिवशीं मी गेलों तेव्हां त्यांच्या संचावर खोळ घातलेली दिसली. त्यांच्या सूनबाई स्वयंपाकघरांतून हळूच म्हणाल्या, "महिना झाला. आतां पहांटे उठून नुसते बसून असतात." बोलणाऱ्या माणसाचें मौन घराला जड होतें हें मला माहीत होतें, ऐकणाऱ्या माणसाचें मौन त्याहून जड असतें हें त्या दिवशीं समजलें.

पुढच्या रविवारीं मी माझा जुना संगणक, दोन तारा आणि एक ट्रान्सफॉर्मर पिशवींत घालून कल्याणला गेलों. ते कांहीं बोलले नाहींत. खोळ मात्र त्यांनीं स्वतः काढली. जोडणी झाली, घड्याळ जुळविलें, आणि पडद्यावर धबधबा सुरू झाला. पंधरा सेकंदांनीं पहिली ओळ उमटली. मग एकामागून एक पंधरावीस. ते चष्मा पुढें सरकवून वाचूं लागले. प्रत्येक संकेतनाम वाचतांना त्यांचें उजव्या हाताचें बोट टेबलावर हलत होतें. मीं पाहिलें तर तें तेंच नांव मोर्समध्यें वाजवीत होतें. मग त्यांनीं हांक घातली. दुसऱ्या पाळीला एका जपानी हॅमानें त्यांचें नांव घेऊन उत्तर दिलें. तीस सेकंद ते पडद्याकडे पाहत राहिले, नंतर म्हणाले, "ऐकूं आलों म्हणायचा."

त्या दिवसापासून पहांटेचें बसणें पुन्हा सार्थकीं लागलें आहे. ह्यावरून त्यांचें मत बदललें असें मात्र कोणीं समजूं नये. मत त्यांचें पूर्वींचेंच आहे आणि तें मला आतां अधिक पटतें. मोर्सच्या काळापासून ते एका लांबट वहींत प्रत्येक भेटीची नोंद ठेवीत आले आहेत: तारीख, वेळ, संकेतनाम, कंपनसंख्या, आणि शेवटीं 'हात' असा एक रकाना. जुन्या पानांवर ह्या रकान्यांत 'संथ', 'घाईचा', 'डावरा असावा', 'दुःखी वाटला' असे शेरे आहेत. नव्या पानांवरही ते तोच रकाना पट्टीनें आंखतात आणि प्रत्येक भेटीपुढें त्यांत एक आडवी रेघ ओढतात.

संगणकाला ही रेघ कधींच ओढतां येणार नाहीं. त्याला जें आलें तें तो बिनचूक सांगतो. जें आलें नाहीं त्याची त्याला खबरच नसते. आम्ही यंत्रांना कान देऊं लागलों, तें ठीकच केलें. गोंगाट एवढा वाढल्यावर दुसरा इलाज नव्हता, आणि एका म्हाताऱ्या माणसाला जगाच्या हजेरींत पुन्हा 'हजर' म्हणतां आलें हें मी लहान मानीत नाहीं. परंतु काय ऐकूं आलें नाहीं हें ओळखून त्याच्यासाठीं एक रकाना मोकळा ठेवणें, एवढें काम आपण आपल्याकडे राखलें पाहिजे. तो रकाना वहींतून काढून टाकावा असें मीं त्यांना कधीं सुचविलें नाहीं. अलीकडे माझ्या वहींतही मीं तो आंखला आहे.